ताईनं बुजवलेलं डबकं

पडदा वर जातो.

समोर एक आवार आहे. डावीकडे पत्र्याची शेड. तिच्या दारात लहान-मोठ्या गमबुटांची रांग, त्यातले निम्मे एकमेकांचे कुणी लागत नाहीत. मागे चार मोठी झाडं, आणि त्यांच्याखाली वाळक्या पानांचा असा ढीग की एखादं मूल त्यात सहज नाहीसं व्हावं. उजवीकडे भिंतीला एक नळ. तो गळतो आहे. नळाखालची ओल हळूहळू सरकत मध्यभागी आली आहे आणि तिथं तिचं डबकं झालं आहे. डबकं फार मोठं नाही. एखादं कुत्रं त्यात बसलं तर त्याला शेपटी बाहेर ठेवावी लागेल. प्रकाश सकाळचा आहे. पात्रं अजून विंगेत आहेत.

एरवी नेपथ्याचं इतकं कौतुक कुणी करत नाही. खुर्ची असते, टेबल असतं, नट येतात, आपली वाक्यं म्हणतात आणि जातात. इथली गोष्ट वेगळी होती. इथं नेपथ्यच नोकरीला होतं. पानांच्या ढिगाला, गळक्या नळाला आणि त्या डबक्याला ठरवून दिलेली कामं होती आणि ती तिघं ती चोख बजावत होती.

या आवारात मुलांवर उपचार होत. उपचाराचं नाव ऑक्युपेशनल थेरपी, पुस्तकी मराठीत व्यवसायोपचार. हे नाव ऐकून नवे पालक हमखास विचारत, "म्हणजे पुढे याला काही धंद्याला लावणार का?" तेव्हा इथल्या बाई सांगत की मुलाचा धंदा म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं आणि शेजारच्या मुलाशी भांडणं. ज्याला यातलं काही जमत नाही त्याचा धंदा बसलेला असतो, तो उभा करायचा. दवाखान्यांत हे काम खोलीत चालतं, झोपाळे आणि रंगीत चेंडू घेऊन. इथं ते माती, पाणी, काटक्या आणि दगड घेऊन चाले.

आणि आता नायिकेचा प्रवेश. पायांत पॉलिश केलेले बूट, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कोट, खिशात घडी न मोडलेला रुमाल. वय एकवीस. शाळेच्या दाखल्यावर तिचं एक नाव होतं, पण ते दाखल्यातच राहिलं होतं. घरात ती थोरली, म्हणून धाकटा तिला ताई म्हणे. धाकटा म्हणे म्हणून आई म्हणू लागली, मग बाबा, मग दुकानात कपडे टाकायला येणारी गिऱ्हाइकं. तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा "ताई, माझी पँट झाली का?" असं विचारत.

दुकान धुलाईचं आणि इस्त्रीचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, मध्ये एक पडदा आणि त्यातून दिवसभर वाफ. त्या घरात डाग हा शब्द जरा आवाज खाली आणून उच्चारत. आई-बाबा दोघंही इस्त्रीवर उभे असत, तेव्हा धाकट्याला भरवणं, कपडे घालणं, केस विंचरणं, दप्तर भरणं हे सगळं ताईनं केलं. इतकं मन लावून केलं की धाकट्याला दहावीपर्यंत बुटाची नाडी बांधता येत नव्हती. तशी वेळच त्याच्यावर आली नव्हती.

असली मुलगी रुग्णांची सेवा शिकायला निघाली म्हणून सगळ्यांना धन्य वाटलं. घोटाळा नंतर कळला. या विद्येत सेवा करायची नसते.

कॉलेजनं तिला आधी एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. तिथं एक आजोबा होते, झटक्यानं त्यांची उजवी बाजू लुळी पडलेली. त्यांनी आपल्या शर्टाची बटणं आपल्या हातानं लावायची, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. आजोबांची बोटं पहिल्या बटणापाशी धडपडत होती. ताईला ते बघवेना. तिनं "अहो, द्या इकडे" म्हणत सगळी बटणं लावली, कॉलर सारखी केली, आणि वर नातवंडांची चौकशी केली. आजोबांनी तोंड भरून आशीर्वाद दिला आणि तिथल्या सरांनी नापास केलं.

जुन्या नाटकमंडळ्यांत असा एखादा प्रॉम्प्टर असायचा. बिचारा सोन्यासारखा माणूस. नट जरा थांबला की हा विंगेतून पुढचं वाक्य सांगून मोकळा होई. नट मुळी अडलेलाच नसे. तो श्वास घेत असे. त्या प्रॉम्प्टरच्या प्रेमापायी कित्येक चांगले नट कायमचे अडखळायला लागले. ताई तशी होती. मायेला तोटा नव्हता, फक्त थांबणं येत नव्हतं.

कॉलेजचा नियम स्पष्ट होता. अशा प्रत्यक्ष कामात एकदा नापास झालं तर दुसरी संधी. दुसऱ्यांदा झालं तर अभ्यासक्रमातून बाहेर. हे आवार ही ताईची दुसरी संधी होती.

"काय शिकवतात तिथं?" पहिल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी इस्त्री न थांबवता विचारलं.

"मुलांना चिखलात हात घालायला लावायचं."

इस्त्री थांबली.

"लावायचं?"

"हो."

"मुलं आपणहून घालत नाहीत?"

"काही नाही घालत, बाबा. त्यांना ओलं, बुळबुळीत सहनच होत नाही. मग आंघोळीला अडतं, जेवताना अडतं, शाळेत अडतं."

बाबांनी जळक्या वासाकडे लक्ष जाईपर्यंत विचार केला. मग इस्त्री उचलून म्हणाले, "धाकट्याला घेऊन जा. तो शिकवेल."

"मी चिखलात जात नाही," धाकटा पडद्यामागून म्हणाला. "मी फक्त पडतो."

"काय घालायचंय ते घाला," आई म्हणाली, "पण ताई, या वेळी कुणाची बटणं लावू नकोस गं बाई."

आवारातल्या बाई पन्नाशीच्या होत्या. पायांत कायम गमबूट, कोरड्या दिवसांतही. बोलणं मोजकं. पहिल्या सकाळी त्यांनी ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बुटांपाशी जरा थांबल्या, आणि झाडाखालच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"मूल अडलं की तिथं बसायचं. हातांवर."

"हातांवर म्हणजे, बाई?"

"म्हणजे हात मांड्यांखाली घ्यायचे आणि वर बसायचं. मग मनात विचारायचं, आता मी उठणार ती त्याच्यासाठी की माझ्यासाठी?"

"आणि उत्तर मिळालं की उठायचं?"

"मिळालं तरी थोडं बसायचं."

ताई बसायला शिकली. पहिल्या आठवड्यात तिच्या तळहातांवर बाकाच्या फळ्यांचे वळ उठले. ती जेवायला बसली की आई ते बघे आणि पोळीवर तूप जरा जास्त वाढे.

मुलं बरीच यायची, पण ताईच्या वाट्याला दोन आली. एक बंबवाला. हा पाच वर्षांचा मुलगा आगीच्या बंबासारखा आवाज काढत आवारभर धावायचा, आणि कुठं आग नाही हे त्याला कुणी पटवू शकत नव्हतं. तो पानांच्या ढिगात स्वतःला गळ्यापर्यंत पुरून घेई. पानांचा भार अंगावर आला की भोंगा आपोआप बंद होई. ढिगाचं काम ते.

दुसरी वकीलीणबाई. वय सात. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं होतं. घरात आजवर एकही वाद ते जिंकले नव्हते. वकीलीणबाईंना ओलं चालत नसे. बाहीवर पाण्याचा एक थेंब पडला तर झगा बदलावा लागे. वरण नको, रस नको, आंघोळ म्हणजे रोजचं युद्ध. शाळेत रंगाच्या तासाला ती दाराबाहेर बसे, पाय मोज्यांत, हात बगलेत, आणि आतल्या मुलांना मोठ्यानं चुका सांगे.

"तू नवीन आहेस?" तिनं ताईला पहिल्या दिवशी विचारलं.

"हो."

"आधीची ताई कुठे गेली?"

"तिचं शिक्षण पूर्ण झालं."

"तुझं का नाही झालं?"

"मी नापास झाले."

"कशात?"

"एका आजोबांच्या शर्टाची बटणं लावली म्हणून."

वकीलीणबाईंनी भुवई उचलली. "चुकीची लावलीस?"

"नाही. बरोबर लावली."

"मग?"

"ती त्यांची त्यांनी लावायची होती."

"मग तू का लावलीस?"

हॉस्पिटलातल्या सरांनी हीच गोष्ट अडीच पानं भरून विचारली होती.

डबक्याकडे वकीलीणबाई आपणहून वळल्या, आणि तेही चौकशीसाठी. "हे किती खोल आहे?" असं त्यांनी लांबून विचारलं. ताईला दिसत होतं की ते घोट्याइतकंही नाही. पण बाकावरून बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ताई म्हणाली, "माहीत नाही."

"बाई, तुम्हाला?"

"मलाही नाही."

"तुम्ही दोघी मोठ्या आहात ना?" वकीलीणबाई म्हणाल्या आणि स्वतः तपासाला लागल्या. आधी एक भला लांब बांबू घेऊन, सहा पावलं दूर उभं राहून. दुसऱ्या आठवड्यात तो बांबू सापडेना. शेडमध्ये त्याहून जरा आखूड काठी होती. आखूड म्हणजे जरा पुढं उभं राहणं आलं. त्याच्या पुढल्या आठवड्यात तीही हरवली. बाईंच्या शेडमध्ये लांब काठ्या टिकत नसत. असं करत करत वकीलीणबाई फूटपट्टीएवढ्या काटकीवर आल्या होत्या. डबक्याच्या अगदी काठाशी उकिडव्या बसून तळ ढवळत. बोटावर थेंब उडाला तर त्याच्याकडे रागानं बघत, पण किंचाळत नसत. त्यांच्या आईनं हे ऐकलं तेव्हा ती शेडच्या मागे जाऊन रडून आली. पूर्वी थेंब उडाला की तिला झगा घेऊन धावावं लागे.

बाई ताईला म्हणाल्या, "आता काटकी संपत आली. पुढे फक्त हात उरतो. घाई करू नकोस."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात कॉलेजातून निरोप आला की सोमवारी मॅडम ताईचं काम बघायला येणार. तिनं मुलांसोबत काम करायचं, त्यांनी खुर्चीत बसून बघायचं, आणि त्यावर पास की नापास.

आता ताईचं डोकं चालायला लागलं. तिचं डोकं चालायला लागलं की हातही चालत, अडचण तीच होती. तिला वाटलं, पोर हात घालत नाही कारण डबकं घाण आहे. कुणाला आवडेल? पाणी स्वच्छ असतं, तळ दिसत असता, तर तिनं केव्हाच हात घातला असता. सोमवारी मॅडमसमोर तिची फजिती नको. आपलं सोडा, तिची नको. यात ताईला स्वतःचं काही दिसलं नाही, हे तिच्या भलेपणाला धरूनच झालं.

रविवारी बाई येत नसत. ताई सकाळीच आली. हातात झाडू, पान्हा, नळाचं नवं वायसर आणि एक निळा प्लॅस्टिकचा टब. माळीकाका झाडाखाली विडी ओढत होते. त्यांनी टब पाहिला.

"कुणाचं लग्न आहे का?"

"काका, उद्या तपासायला येणारेत. जरा आवरून घेऊ म्हटलं."

माळीकाकांनी विडी विझवली. या वाक्याची ते वर्षभर वाट बघत होते. "हे डबकं बुजवू म्हणून मी किती वेळा सांगितलं! बाई ऐकत नाहीत. नळवाल्याला दोनदा दारातून परत पाठवला. मला म्हणतात, 'काका, नळाला हात लावाल तर याद राखा.' नळ गळतो म्हणून आवारावर पाणी मारायला नको, एवढाच काय तो फायदा."

"बाईंना सांगू आपण नंतर."

"नंतर सांगितलेलं बरं," माळीकाका म्हणाले आणि वाळूची गाडी आणायला गेले.

दोघांनी दिवसभर काम केलं, आणि दोघांनाही अनेक महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता. वायसर बदललं. नळ बंद केला की बंद होऊ लागला. पानांचा ढीग पोत्यांत भरून शेडमागे गेला. दगडांवरचं शेवाळं ताईनं घासून काढलं. गमबूट जोडीनं लावले, आणि ज्यांना जोडी नव्हती ते आत लपवले. डबक्यात वाळू टाकून ती ठोकून सपाट केली. त्या जागी निळा टब ठेवला, त्यात स्वच्छ पाणी, तळाशी धुतलेले गोल गोटे, आणि दोन थेंब जंतुनाशक. मग लांब उभी राहून ताईनं आवार पाहिलं. तिला ते इस्त्री केल्यासारखं दिसलं.

सोमवारी बाई फाटकातून आत आल्या आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. चांगल्या नटाला माहीत असतं की अशा वेळी हालचाल करायची नसते. बाईंना तेही कष्ट पडले नाहीत. त्यांना हालताच येत नव्हतं.

"नळ?" त्या म्हणाल्या.

"वायसर बदललं, बाई."

"पानं?"

"पोत्यांत. शेडच्या मागे आहेत, टाकली नाहीत."

बाई टबापाशी गेल्या. वाकल्या. वास घेतला.

"औषध घातलंयस?"

"दोनच थेंब."

"आणि डबकं?"

"हेच की. म्हणजे, त्याच्याऐवजी. मला वाटलं स्वच्छ असेल तर ती पटकन..." पुढचं वाक्य ताईच्या तोंडातच राहिलं. ते म्हणता म्हणता तिला ऐकू आलं होतं. पटकन. शर्टाची बटणंही पटकनच लागली होती.

बाई वळल्या. शेडमध्ये गेल्या, गमबूट काढले आणि चपला घालून बाहेर आल्या. त्या आवारात त्यांना चपलेत कुणी पाहिलं नव्हतं.

"बाई, मी लगेच उकरते. मॅडम यायच्या आत होईल."

"मॅडम आल्यात," बाई म्हणाल्या. "मुलंही आलीत. आता जे आहे त्यात काम कर. मी मध्ये पडणार नाही."

मॅडम खुर्चीत बसल्या, मांडीवर फाईल. बंबवाला भोंगा वाजवत ढिगाकडे धावला आणि ढीग नाही म्हटल्यावर भोंग्याचा सूर एकदम चढला. मग तो वासावरून शेडमागे गेला, त्याला पोती सापडली, आणि त्यानं दोन पोत्यांच्या फटीत स्वतःला कोंबून घेतलं. भोंगा बंद. त्याला पोती जास्त आवडली. यात ताईचं कर्तृत्व काही नव्हतं.

मग आजोबांचा हात सोडून वकीलीणबाई आल्या. हातात काटकी. सरळ मध्यभागी गेल्या आणि टबासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"पाणी," ताई म्हणाली. "स्वच्छ आहे. बघ, तळसुद्धा दिसतोय."

"मग मी काय शोधू?"

ताईनं टबातल्या गोट्यांकडे पाहिलं.

"माझं डबकं कुठाय?"

"मी बुजवलं."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"का?"

"मला वाटलं तुला सोपं जाईल."

"मी म्हणाले होते का, अवघड जातंय?"

"नाही."

आजोबा फाटकापाशी उभे होते. त्यांनी ताईकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यात शुद्ध बंधुभाव होता.

"परत आण," वकीलीणबाई म्हणाल्या.

फावडं दोन हातांवर भिंतीला टेकलं होतं. ताईचे हात असे शिवशिवले की बोटं आपोआप वळली. चार फावड्यांचं काम. पोरीला न्याय मिळाला असता, डबकं मिळालं असतं, मॅडमना काहीतरी बघायला मिळालं असतं. ताईनं एक पाऊल टाकलंही. आणि मग ती वळली, बाकाकडे गेली, हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली.

"मी नाही आणणार," ती म्हणाली. "तुला हवं असेल तर तू उकर."

"फावडं माझ्यापेक्षा मोठं आहे."

"हो."

"लहान काय आहे?"

"शेडमध्ये खुरपं आहे."

वकीलीणबाई पाय आपटत गेल्या आणि खुरपं घेऊन आल्या. टबाच्या कडेची वाळू खणायला लागल्या. खुरप्यानं काढलेली वाळू पुन्हा घसरून खड्ड्यात येई. त्यांनी खुरप्याला दोन शब्द सुनावले. परत प्रयत्न केला. परत घसरली. मग खुरपं फेकलं आणि रागाच्या भरात दोन्ही हात घातले.

वरची वाळू कोरडी होती. पण खाली जुनं डबकं होतंच. जरा खाली गेल्यावर ती ओली लागली, मग चिकट, मग काळी. वकीलीणबाई उकरत होत्या. मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत. त्यांच्या झग्याला लांब पांढऱ्या बाह्या होत्या.

आता प्रेक्षकांनी ताईकडे बघावं. धुलाईच्या दुकानात जन्मलेली मुलगी. तिच्या डोळ्यांदेखत एक स्वच्छ, धुतलेली, बहुधा कालच इस्त्री केलेली पांढरी बाही इंचाइंचानं चिखलात चालली होती. बाही दुमडायला किती वेळ लागतो? श्वासाइतका. एक शब्द पुरला असता, "बाही." ताईच्या ओठांवर तो शब्द येऊन बसला होता. तिनं ओठ मिटले. बाकावर ती अशी बसली होती की बाक हलत होता. माळीकाकांना वाटलं तिला थंडी वाजतेय. त्यांनी विचारलंही, "ताई, घोंगडी आणू?" तिनं मान हलवली.

रंगमंचावरची शांतता पेलणं सगळ्यात कठीण. भले भले तिथं घसा खाकरतात.

वकीलीणबाई थांबल्या. त्यांनी हात वर केले. बाहीकडे पाहिलं. आजोबांनी डोळे मिटून घेतले, कारण पुढे काय होतं हे त्यांना माहीत होतं.

"बाही ओली झाली," वकीलीणबाई म्हणाल्या.

"हो," ताई म्हणाली.

"तू बघत होतीस?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कामात होतीस."

यावर वकीलीणबाईंना हरकत घेता आली नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "दुमड."

ताई उठली. "एक मी दुमडते. दुसरी तू."

उजवी बाही तिनं दुमडली, दुकानात दुमडतात तशी, रेघेत. वकीलीणबाईंनी ती नीट पाहून घेतली आणि डावी स्वतः दुमडली. ती बाही गुंडाळलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसत होती, पण वर राहिली.

"आता पाणी," त्या म्हणाल्या आणि नळाकडे निघाल्या.

नळाला नवं वायसर होतं. इतकी वर्षं गळण्यात गेलेला सगळा जोर त्यानं त्या एका क्षणासाठी जमवून ठेवला असावा. वकीलीणबाईंनी तोटी फिरवली आणि पाण्याचा फवारा त्यांच्या तोंडावर आला.

त्या किंचाळल्या. मनापासून, लांब, वरच्या पट्टीत. शेडमागच्या पोत्यांतून बंबवाल्यानं साथ दिली. आजोबा पुढे धावले, बाईंनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. ताई पुन्हा हातांवर होती. तिच्या खिशात रुमाल होता, घडी न मोडलेला, आणि तिला तो मांडीला टोचत होता.

किंचाळी संपली. नळ चालूच होता. कुणीच तो बंद करत नव्हतं, हे वकीलीणबाईंनी चौफेर पाहून खात्रीनं जाणलं. मग त्यांनी तो स्वतः बंद केला, कोरड्या राहिलेल्या झग्याच्या घेरानं तोंड पुसलं आणि खड्ड्यापाशी परत आल्या. नळाचं पाणी वाहत येऊन तिथं बशीएवढं साठलं होतं. त्यांनी त्यात मधलं बोट उभं घातलं, तळाला टेकवलं, आणि बाहेर काढून ओली खूण पाहिली.

"एवढं," त्या म्हणाल्या. "आधीचं जास्त होतं."

"हो."

"तू बिघडवलंस."

"हो."

"उद्या मी मोठं करणार. तू हात लावू नकोस." आणि त्या आजोबांकडे गेल्या, तुमचा कोट जरा दूर धरा, चिखल लागेल म्हणाल्या, आणि घरी गेल्या. झगा बदलायचं त्यांना सुचलं नाही. आजोबांनाही नाही.

मॅडमनी ताईला खुर्चीजवळ बोलावलं. त्या प्रसन्न दिसत होत्या.

"फार छान योजलंस हं. आयतं डबकं काढून टाकायचं आणि मुलीलाच नव्यानं करायला लावायचं. रागाचा उपयोग करून घेतलास. मी असं आधी पाहिलं नव्हतं. कल्पना तुझी की बाईंची?"

बाई चार पावलांवर उभ्या होत्या, चपलेत. त्यांनी झाडाकडे पाहिलं, जणू तिथं एखादा पक्षी आला होता. पक्षी नव्हता. सुटकेचं दार सताड उघडं होतं, आणि ताईला नुसतं "माझी" म्हणायचं होतं.

"योजना नव्हती, मॅडम," ताई म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून मी आवार साफ केलं. डबकं बुजवलं. सोपं व्हावं म्हणून टब ठेवला. ती चूक होती."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे आज इथं जे झालं त्यातलं तू ठरवलेलं काहीच नाही?"

"टब ठरवलेला होता."

"टबाचं काय झालं?"

दोघींनी तिकडे पाहिलं. माळीकाका टबाच्या काठावर टेकून पाय धूत होते.

निकाल इथंच सांगून टाकलेला बरा, म्हणजे पुढचं बोलणं शांतपणे ऐकता येईल. ताई पास झाली. काठावर, पण झाली. मॅडमनी नंतर बाईंना सांगितलं की एवढे कमी मार्क देताना त्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता. ताई आज दुसऱ्या एका गावात हेच काम करते, तिच्या आवारात दोन नळ आहेत आणि दोन्ही गळतात. वकीलीणबाई पुढे रंगाच्या तासाला आत बसू लागल्या, तिथूनही चुका सांगतच. पण त्या सोमवारी, त्या खुर्चीसमोर, ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की मॅडमच्या फाईलमधली जागा कोरी आहे.

"अगं, मग मी मार्क कशाचे देऊ?" मॅडमनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या.

ताईनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. त्यांवर फळ्यांचे वळ होते, लालभडक.

"तिची बाही ओली होत होती ना, मॅडम," ती म्हणाली, "तेव्हा मी काहीच केलं नाही. त्याचे द्या."